आधी नवी, मग जुनी

१

बॅटरी घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न हमखास चुकीचा विचारतो. "कोनती चांगली?" कॉटन मार्केटच्या मागं माझं दुकान आहे आणि इतक्या वर्षांत हा प्रश्न ऐकून माझे कान किटले आहेत. मी उलट विचारतो, "कशाले पायजे?" मोटारीला लागते ती बॅटरी एकदाच जोरात धक्का देते आणि मग दिवसभर आराम करते. तिला हळूहळू, तासन्‌तास चोखत बसलं की ती मरते. हे मी रोज सांगतो आणि लोक रोज स्वस्तातली मोटारीची बॅटरी घेऊन जातात.

आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचे, शोभाताईचे, यजमान दुकानात आले आणि तोच प्रश्न विचारून बसले. आनंदराव. आम्ही त्यांना भाऊजी म्हणायचो. तरुणपणी काही वर्षं जहाजावर वायरमन होते, नंतर नागपुरात रेल्वेत चिकटले आणि रिटायर होईपर्यंत निमूट राहिले. रिटायर झाल्यावर मात्र त्यांनी शिडाची होडी बांधायला काढली. नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र सारखाच लांब. सगळ्या महाल वस्तीत हसू झालं. भाऊजी ढिम्म. बल्लारशाचं सागवान आणलं, मागच्या अंगणात वर्षभर ठोकाठोक केली, वर लहानशी केबिनसुद्धा चढवली, आणि होडी ट्रकवर घालून कुही गावाच्या अलीकडच्या एका जुन्या मालगुजारी तलावात नेऊन सोडली. इथं तिला वळण लावायचं, मग ट्रकनंच कोकणात न्यायची, असा बेत होता.

"कशाले पायजे?" मी विचारलं.

"दोन दिवे, एक रेडिओ, अन्‌ तळाचं पानी फेकाले लहानसा पंप."

"मंग मोटारीची नका घेऊ. रेल्वेच्या डब्यात दिव्यासाठी असते ना, तशी जड घ्या. हळू देते, पन देत राह्यते."

"अन्‌ भरायची कशी गा? तिथं तर लाईनच नाही."

त्यावर आमची दुपार गेली. रॉकेलचं जनरेटर त्यांना नको होतं. धूर आणि भकभक सहन करायची तर मग होडीत कशाला बसायचं, म्हणाले. सूर्याच्या उन्हावर वीज करणारे पत्रे मासिकात वाचले होते, पण ते तेव्हा उपग्रहांच्या नशिबी होते, आपल्या नव्हे. शेवटी ठरलं ते असं: जुन्या मोटारीचा डायनॅमो, त्याला लाकडी पंखा, आणि तो होडीच्या मागच्या खांबावर. वारा आला की पंखा फिरेल आणि बॅटरी भरेल. वारा नसला की बॅटरी बसनं माझ्याकडे येईल. मीच जाऊन सगळं जोडून दिलं. केबिनच्या भिंतीवर एक मीटर लावला. काटा उजवीकडे गेला की वीज येते आहे, डावीकडे गेला की खर्च होते आहे, आणि मधोमध असला की सगळं शांत. भाऊजी त्या काट्याकडे लहान पोरासारखे बघत बसले होते. मला त्यांचा फार हेवा वाटला.

२

सुरुवातीचे महिने ठाकठीक गेले. पंधरवड्याकाठी तलावावरचा धोंडबा, जो होडीची राखण करायचा, बॅटरी डोक्यावर घेऊन कुहीच्या बसनं यायचा. आमच्या धंद्यात भरायला आलेल्या बॅटरीच्या बदल्यात गिऱ्हाइकाचं काम अडू नये म्हणून दुसरी द्यायची पद्धत आहे, तिला आम्ही बदली म्हणतो. धोंडबा एक ठेवायचा, बदली घेऊन जायचा.

आषाढात भाऊजींच्या छातीत एकदा कळ आली. होडीतच. पाऊस लागून राहिला होता, धोंडबा गावात अडकला होता, आणि भाऊजी दिवसभर केबिनमध्ये एकटे पडून होते. संध्याकाळी धोंडबा पोचला तर हे उठून बसलेले. काही नाही गा, वायू धरला होता, म्हणाले. शोभाताई धावत गेली, डॉक्टरला दाखवू म्हणाली, तर हे होडीतून उतरायला तयार नाहीत.

त्यानंतर धोंडबाच्या फेऱ्या वाढल्या, आणि होडीत कायम एक जोडलेली राहावी म्हणून त्यानं एक जादा बॅटरीही मागून नेली. आधी आठवड्यानं, मग चार दिवसांनी, मग एक दिवसाआड. येणारी प्रत्येक बॅटरी पार रिकामी. दोन दिवे आणि रेडिओ मिळून एवढं खात नाहीत. पंप रात्रंदिवस चालला तर खाईल, पण मग होडीला भोक असायला हवं.

"भाऊजी पंप लावून ठेवतेत का?" मी धोंडबाला विचारलं.

"नाही जी. पंप बंद. दिवाबी नाही लावत आताशा. अंधारातच बसून राह्यते."

"मंग बॅटरी खाते कोन?"

धोंडबानं बदली उचलून डोक्यावर घेतली. निघताना मात्र दारात थांबला. "सायेब, एक इचारू? आनंदराव म्हनते का आधी नवी जोड, मंग जुनी काढ. नवी जोडल्याबिगर जुनीले हात लावू देत नाही. मले तर ठिनग्या पाहून भेव वाटते."

ऐकून माझं डोकंच फिरलं. भरलेली आणि रिकामी बॅटरी एकमेकींना जोडू नये हे दुकानात झाडू मारणाऱ्यालासुद्धा कळतं. भरलेलीतला करंट रिकामीत धाडकन जातो, तार लाल होते, कधी बॅटरी फुटते, तेजाब तोंडावर उडतं. जहाजावरच्या वायरमनला हे माहीत नसेल? मी धोंडबाला झापलं आणि सांगितलं की आधी जुनी काढायची, मग नवी लावायची.

"तेच सांगतलं होतं जी मी त्यायले," धोंडबा म्हणाला. "तर माह्या पाया पडाले लागले."

३

दिवाळी तोंडावर आली तशी शोभाताई दुकानात आली. स्टुलावर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"बाबाराव, तुह्या भाऊजीले घरी आन गा. दिवाळीले तरी."

"तू जाऊन म्हन ना. तुहं ऐकतीन."

"माहं नाही ऐकत. मी जाते, डबा नेते, डबा तसाच परत येते. हवा असली का चांगले बोलते, हासते. हवा पडली का निस्ते पाहत राह्यते." ती थांबली. "तुले त्या बॅटरीचं समजते. तू एकदा जाऊन पाय, नेमकं काय हाये तिथं."

मला त्यात पाहण्यासारखं काही वाटेना. म्हाताऱ्याला एकांताची चटक लागली होती, बस. आणि इलाज माझ्याच हातात होता. कालच धोंडबा रिकामी बॅटरी ठेवून बदली घेऊन गेला होता.

"हे पाय ताई, आता मी बदली देतच नाही. धोंडबा आला तरी रिकाम्या हातानं धाडतो. आपन उद्या जाऊ. तिथली बॅटरी संपाले आली असंन. संपली का रेडिओ बंद, पंप बंद, हौस फिटली. गपचूप बसमध्ये येऊन बसतीन."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "संपली का घरी येतीन? तुले खात्री हाये?"

"शंभर टक्के."

"तू म्हनत असशीन तर," ती म्हणाली. तिच्या आवाजात एवढी आशा होती की मला जरा आश्चर्यच वाटलं.

४

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं आम्ही निघालो. मी पाना, टेस्टचा दिवा आणि हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतलं तेजाब ओढून तिचा जीव मापायची काचेची नळी, एवढंच पिशवीत घेतलं. बॅटरी मुद्दाम घेतली नाही.

ऑक्टोबरचं ऊन होतं. तलाव काठोकाठ भरलेला, पलीकडे धान पिवळं पडलेलं. पान हलत नव्हतं. होडी बांधाला लावलेली होती, शीड गुंडाळलेलं, मागच्या खांबावरचा पंखा स्तब्ध. बगळे असायला हवे होते, ते दूरच्या काठाला होते. होडीच्या आसपास पाण्यात शेवाळसुद्धा नव्हतं, पण हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी फक्त पंख्याकडे पाहत होतो. वारा नसताना पंखा फिरत असता तर मला बरं वाटलं असतं. कारण वीज उलटी जाऊ न देणारा डायनॅमोचा कटआऊट चिकटला की उलटं होतं, बॅटरीच डायनॅमोला फिरवते आणि रिकामी होते. येताना बसमध्ये मी हेच उत्तर पक्कं केलं होतं. पंखा ठार उभा होता.

"तू जा," ताई बांधावरच थांबली. "मी अठीच बसते."

"काहून? चाल ना."

"नाही गा. तू पाय आधी."

फळीवरून मी होडीत उतरलो. केबिनच्या दारात धोंडबा बसला होता. मला रिकाम्या हातांनी पाहून त्याचा चेहरा उतरला.

"बदली?" त्यानं विचारलं.

"नाही आनली."

तो उठला, फळीवरून बांधावर गेला आणि मागं न बघता गावाकडे चालू लागला. मला राग आला. राखणदारानं असं करावं?

५

केबिनमध्ये डोळे सरावायला वेळ लागला. आत तेलाचा, लाकडाचा आणि तेजाबाचा वास होता. माणसाचा वास मात्र नव्हता. हे मला आत पाऊल टाकताच जाणवलं आणि मी ते मनातून हुसकून लावलं.

भाऊजी फळकुटावर भिंतीला टेकून बसले होते. अंगात बंडी, दाढी केलेली, केस नीट. खरं सांगायचं तर तब्येत बरीच वाटली. फक्त मी "भाऊजी" म्हटल्यावर त्यांनी मान वळवली ती फार सावकाश.

"बाबा...राव. ये गा. बस."

"काय भाऊजी, घरी नाही येत म्हनता? ताई रडून राहिली तिकडं."

"येतो ना. जरा... हवा सुटू दे."

मी मीटरकडे पाहिलं. काटा डावीकडे होता. खर्च. थोडासाच, पण ठाम.

"काय चालू हाये?"

"काहीच... नाही."

खरंच काही नव्हतं. दिव्यांची बटणं बंद. रेडिओ बंद. पंपाची तर तारच काढून ठेवलेली. मी कामाला लागलो. कामाला लागलं की माझं मन थाऱ्यावर येतं. दिव्यांचा फ्यूज काढला, काटा तसाच. रेडिओचा काढला, तसाच. पंख्याची तार सोडवली, तसाच. आता बॅटरीतून निघून कुठंच जायला वाट उरली नव्हती. एक तार मीटरपर्यंत, तिथून फ्यूजच्या रिकाम्या पाटीपर्यंत, आणि संपलं. तारेचं कव्हर कुठं सोललं असेल, लाकूड ओलं असेल, म्हणून मी बोटांनी तार चाचपत गेलो. कोरडी ठणठणीत. माझीच जोडणी होती, चांगली होती.

मग लक्षात आलं की काटा एका जागी नाही. अगदी किंचित डावीकडे सरकायचा, किंचित परत यायचा. सरकायचा, परत यायचा. मला ही लय ओळखीची वाटत होती, पण कुठली ते कळेना. मीटरची स्प्रिंग सैल झाली असेल म्हणून मी टिचकी मारली. मग सहज मान वळवली तर भाऊजींची बंडी त्याच लयीत वर-खाली होत होती.

योगायोग. मी स्वतःला बजावलं. होडी डुलते तसा काटा डुलतो, आणि होडी माणसाच्या श्वासानं डुलू शकते, लहान आहे. तलावाकडे पाहिलं. पाणी आरशासारखं होतं.

हायड्रोमीटर बॅटरीत बुडवून तेजाब ओढलं. नळीतला तरंगता काटा तळाला जाऊन बसला. बॅटरीत जवळजवळ काही उरलं नव्हतं.

"भाऊजी, धोंडब्याले आधी नवी जोडाले काहून सांगता? हात भाजून घेईन तो कधी."

"तसं नाही केलं ना गा... का मले मधलं आठवत नाही."

"मधलं म्हंजे?"

"मधलं," ते म्हणाले.

६

मी घाबरलो होतो हे आता लपवत नाही. पण घाबरलेला मेकॅनिक जे करतो तेच मी केलं. वीज कुठं जाते ते सापडत नसेल तर टर्मिनल काढायचं, सगळं थंड करायचं आणि नव्यानं सुरुवात करायची. हात आपोआप पाना शोधतो.

भाऊजी माझ्यासाठी पेल्यात पाणी ओतत होते. तांब्या वाकवून, सावकाश. "पानी पी. ऊन... लागलं असंन. आमच्या जहाजावर असतानी कोचीनले एकदा..."

मी बॅटरीच्या टर्मिनलचा नट ढिला केला आणि क्लॅम्प उचलला. काटा मधोमध आला. शांत.

"कोचीनले एकदा काय?" मी मान खाली घालूनच विचारलं.

उत्तर आलं नाही. पाणी पडल्याचा आवाज येत होता. पेला भरला, काठावरून वाहू लागला, फळकुटावरून माझ्या पायापर्यंत ओघळ आला. तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी पडत राहिलं. मी वर पाहिलं. भाऊजींचा हात तसाच वाकलेला होता, तोंड पुढच्या शब्दासाठी उघडलेलं. पडले नव्हते, कलंडले नव्हते. एक माशी आली, त्यांच्या गालावर बसली, वर चालत गेली आणि उघड्या डोळ्यावर जाऊन थांबली. पापणी हलली नाही.

मी बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली. मनगट गार होतं. आत्ता गार झालं होतं असं नाही. फार दिवसांचं गार होतं.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग माझ्या हातानं, मी नव्हे, क्लॅम्प परत खाली दाबला. ठिणगी उडाली. माशी उडाली.

"...कोचीनले एकदा अस्सं ऊन होतं का," भाऊजी म्हणाले, आणि रिकाम्या तांब्याकडे पाहून थांबले. ओल्या फळकुटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हे काहून सांडलं गा?"

त्यांनी ओल्या फळकुटावरून बोट फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पाहवलं नाही, कारण ते भय होतं आणि ते माझ्या भयाहून जुनं होतं.

"बाबाराव," ते हळूच म्हणाले, "बदली आनली ना तू?"

७

फळीवरून कसा आलो ते आठवत नाही. ताई बांधावर बाभळीच्या सावलीत उभी होती. तिनं माझा चेहरा पाहिला आणि खाली बसली.

"काढून पाह्यलंस," ती म्हणाली. विचारलं नाही.

मी मान हलवली.

"मी दोनदा काढलं गा. पैल्यांदा चुकून, झाडू मारतानी तारीले धक्का लागला. दुसऱ्यांदा..." तिनं पदर तोंडाशी धरला. "दुसऱ्यांदा वाटलं, सुटतीन बिचारे. मंग माह्याच्यानं नाही झालं."

"मंग तू मले सांगतलं काहून नाही? मी बदली आनली असती!" मी ओरडलो. माझा स्वतःवरचा राग तिच्यावर निघत होता.

"मले वाटलं, तू म्हनशीन तार ढिली हाये. तुले त्यातलं समजते. तू म्हनला, बॅटरी संपली का घरी येतीन, तर मी म्हटलं, मीच येडी असीन, मलेच भास होत असंन." ती रडत नव्हती. त्यानं मला जास्त त्रास झाला. "घरी नाही नेता येनार का गा? बॅटरीसकट? मी उशाशी ठेवीन. रोज पाहीन."

बॅटरीबद्दलच्या कुठल्याही प्रश्नाला मी आजवर निरुत्तर झालो नव्हतो. "तार त्यायच्यापर्यंत जातच नाही, ताई," मी म्हणालो. "काय काढून काय न्यायचं तेच मले सापडलं नाही."

तलावावर वाऱ्याची झुळूकही नव्हती. होडीतून हाक आली. "शोभा..." तिचं नाव एवढंसं, पण ते संपायला फार वेळ लागला. पुढचा शब्द आलाच नाही, की यायचा होता, कळेना. मी मनात हिशेब करत होतो. नागपूरची बस संध्याकाळशिवाय नाही. कुहीत बॅटऱ्यांचं दुकान नाही. धोंडबा गेला तो कुठं गेला असेल? गावात कुणाचा ट्रॅक्टर असेल, पण गाव दीड कोसावर. आणि माझ्या दुकानात भिंतीला लावून भरलेल्या बॅटऱ्या रांगेनं उभ्या होत्या. त्यातली एक, नुसती एक मी बसमध्ये पायाशी घेतली असती तर.

"शो..." होडीतून आलं, आणखी खालच्या आवाजात.

तेवढ्यात बांधाखालच्या रस्त्यानं भिवापूरकडून मिरचीची पोती भरलेला एक ट्रक धूळ उडवत येताना दिसला. त्यात एक बॅटरी होती, मोटारीची का असेना. ताई उठली. तिनं पदर कमरेला खोचला, बांध उतरली आणि दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.